दिव्यामागचा पत्रा

पनवेलहून गोव्याकडे निघालेली गाडी पळस्पे फाटा ओलांडते, वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण मागे पडते आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याचे जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडते. १९६८ साली स्थापन झालेले हे महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. दिवसा येणाऱ्याजाणाऱ्याची नजर किल्ल्याच्या सुळक्याकडे जाते. रात्री, त्यातही आषाढ-श्रावणात, नजरेला एकच काम उरते. गाडीच्या दिव्यांनी जेवढा रस्ता उजळला तेवढ्यात वळण, खड्डा, पायी चालणारा माणूस किंवा रस्ता ओलांडणारे रानडुक्कर वेळेत दिसले पाहिजे. ओल्या डांबरावर पडलेला उजेड आरशासारखा पुढे निसटतो, चालकाकडे फारसा परत येत नाही. म्हणून पावसात तोच रस्ता तोच दिवा असूनही काळाकुट्ट भासतो.

अशा रात्री समोरून एखादी जुनी मोटार येते. तिचा एक दिवा रस्त्यावर असतो, दुसरा झाडांच्या शेंड्यांकडे वळलेला असतो आणि खड्ड्यागणिक थरथरत असतो. पाहणाऱ्याला वाटते, बल्ब नीट बसला नसेल. गाडीच्या मालकालाही बहुधा तसेच वाटत असते. तो बल्ब बदलतो, मग रिफ्लेक्टर बदलतो, मग आणखी जास्त वॅटचा बल्ब टाकतो. दिवा झाडाकडे तो झाडाकडेच. दोष दिव्यात नसतोच. दिवा ज्या पत्र्याला धरून उभा असतो, तो तळहाताएवढा पत्रा गंजाने खाल्लेला असतो.

पुढची पाने त्या तळहाताएवढ्या पत्र्याबद्दल आहेत.

विषय लहान दिसतो, पण जुन्या मोटारीच्या दुरुस्तीतले जवळजवळ सगळे प्रश्न त्यात एकत्र येतात. धातू का कुजतो, पाणी कुठे साठते, पातळ पत्र्याला वेल्डिंग कसे करायचे, वीज परत बॅटरीकडे कोणत्या वाटेने जाते, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांशी आपल्या गाडीचा संबंध काय, हे सारे इथे दिवा धरणाऱ्या एका वाटीच्या भोवती गोळा झालेले असते. ही दुरुस्ती ज्याला समजली, त्याला दाराच्या खालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे किंवा डिकीचा तळ समजायला वेळ लागत नाही.

आधी मोजमाप पाहू. ॲम्बॅसेडर, महिंद्राची जीप, बुलेट मोटारसायकल या सगळ्यांवर वर्षानुवर्षे दिसलेला गोल दिवा सात इंचांचा, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर व्यासाचा. डिपरवर असताना त्याचा झोत साधारणपणे दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरावा असा लावतात, म्हणजे २५ मीटरवर तो २५ सेंटिमीटर खाली गेलेला असतो. आता समजा, दिव्याच्या वाटीचा खालचा स्क्रू धरणारा पत्रा कुजला आणि वाटीची खालची कड तीन मिलिमीटर पुढे सरकली. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढे. पण १७८ मिलिमीटरला तीन मिलिमीटर या हिशेबाने २५ मीटरवर झोत ४२ सेंटिमीटर वर उचलला जातो. जो झोत खाली उतरायचा, तो आता दिव्याच्या उंचीपेक्षाही वर चाललेला असतो. ५० मीटरवर तो थेट समोरच्या मोटारीतल्या चालकाच्या डोळ्यांच्या आसपास पोहोचतो. चष्म्याची काडी किंचित वाकली की नंबर बरोबर असूनही नीट दिसत नाही, तसे हे आहे. काच, बल्ब, वीज सारे ठीक, आणि तरी रस्ता अंधारात.

म्हणून दिव्याची बैठक हा सजावटीचा भाग मानता येत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या पंगतीत तिला बसवायला हवे.

पनवेल-कर्नाळ्याच्या या भागात जुन्या मोटारींची एक मोठी पिढी अजून घरांच्या पडव्यांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत उभी आहे. तिच्यातली सर्वांत ओळखीची गाडी म्हणजे फिएट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९६४ मध्ये आलेली फिएट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तोच. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिचाही परवाना संपला. टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिनी अजून आहेत, आणि कुर्ल्याहून कर्नाळा काही लांब नाही.

फिएटला वेगळी चासी नाही. शरीराचा पत्राच भार पेलतो. त्यामुळे पुढच्या भागातला गंज हा दिसण्यापुरता प्रश्न कधीच राहत नाही. ज्या पत्र्यांनी दिवा धरला आहे, त्यांचे सांधे पुढच्या बाकीच्या पत्र्यांशी जोडलेले असतात आणि एकीकडची कूज दुसरीकडे सरकते. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या फुगीर मडगार्डच्या पोटात दिव्याची वाटी बसते आणि वाटीच्या मागे चिखल साठायला भरपूर जागा मिळते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सच्या हेरल्डची तऱ्हा आणखी वेगळी. तिचे बोनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच सांगाडा आहे, तो दिव्यांसकट पुढे झुकतो. बोनेट उघडले की दिवेही हलतात, आणि म्हणून तिथे पत्र्याइतकीच तारांचीही काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपचे दिवे तर बिजागरीवर बसवलेले होते. ते उलटे फिरवले की रात्री इंजिनावर उजेड पडायचा. नंतरच्या नागरी जीपमध्ये ती सोय गेली आणि दिवे जाळीच्या पत्र्यात पक्के झाले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या अवताराचा दिवा चौकोनी झाला आणि त्याच्या फोकसचे स्क्रू प्लॅस्टिकच्या घरांत गेले. आकार बदलला, तरी दिवा शेवटी पातळ पत्र्यालाच टेकलेला राहिला.

गंज नेमका याच जागी का येतो, याचे उत्तर पुढच्या चाकात आहे. चाक फिरताना चिखल, वाळू आणि पाणी वर उडवते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, दिव्याच्या वाटीच्या मागे आणि वर, एक अरुंद कोपरा असतो. तिथे पोहोचलेला चिखल सहज निघत नाही. वरून गाडी धुतली तरी तो कोपरा कोरडाच राहतो, आणि पावसात भिजला की आठवडाभर ओलाच राहतो. सगळी गाडी उन्हात वाळते, पण त्या मुठभर चिखलामागचा पत्रा वाळत नाही.

त्यात दोन पत्र्यांचे सांधे असतात. कारखान्यात पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी स्पॉट वेल्डिंग केलेले असते. दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत केस जाईल एवढीच जागा असते, पण पाण्याला तेवढी पुरते. फटीच्या तोंडाशी हवा खेळती असते, आत प्राणवायू कमी पडतो. एकाच पत्र्यावर, एकाच पाण्याखाली असा फरक निर्माण झाला की त्याची एक छोटी बॅटरी बनते आणि जिथे प्राणवायू कमी, तिथले लोखंड झिजू लागते. म्हणून सांध्यात गंज आतून सुरू होतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. तो फुगला की सांध्यातले पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो, फट रुंदावते आणि जास्त पाणी आत येते. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कर्नाळा समुद्रापासून आत आहे. पण इथून जाणाऱ्या गाड्या उरण, अलिबाग, मुरूडहून येतात, पेण आणि उरणच्या मिठागरांच्या कडेने जातात आणि खाऱ्या वाऱ्याचा थर अंगावर घेऊन फिरतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्याला वीजवाहक बनवते आणि पत्र्यावर धरू पाहणारा संरक्षक थर फोडते, त्यामुळे तीच झीज वेगाने होते. जंगलाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीचे आणखी एक दुखणे असते. पाने, काटक्या आणि बोनेटच्या फटीतून आत शिरलेला पाचोळा दिव्यामागच्या पाणी निघायच्या भोकावर जाऊन बसतो. कुंभारीण माशी कोरड्या दिवसांत तिथेच मातीचे घर बांधते. पावसाळ्यात ती माती ओल धरते आणि पाचोळा तिला झाकून ठेवतो.

जगभरच्या कारखान्यांनी या शत्रूला जरा उशिराच गंभीरपणे घेतले. १९८० साली ब्रिटनमध्ये लान्चिया बीटा या इटालियन गाडीच्या पुढच्या सबफ्रेमच्या जोडांवर गंज आढळला आणि कंपनीला अनेक गाड्या मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. त्याच्या काही वर्षे आधीच पोर्शने आपल्या ९११ गाडीसाठी जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली होती. कुर्ल्यात आणि ॲम्बॅसेडरच्या उत्तरपाड्यातल्या कारखान्यात त्या काळी तयार होणाऱ्या मोटारींच्या नशिबी ते जस्त नव्हते. साधा पत्रा, त्यावर प्रायमर आणि रंग, एवढेच त्यांचे चिलखत. म्हणून अशी गाडी आज सांभाळायची तर जे कारखान्यात झाले नाही, ते दुरुस्तीच्या वेळी आपल्याला करावे लागते.

गंजाचा दुसरा घाव विजेवर पडतो, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या मोटारीत बॅटरीकडून दिव्यापर्यंत तार येते, पण परतीचा प्रवाह बहुतेक वेळा शरीराच्या पत्र्यातून जातो. दिव्याची अर्थिंगची तार वाटीच्या जवळच एका स्क्रूखाली दाबलेली असते. त्या स्क्रूखालचा पत्रा गंजला की वाट अडते. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडात पाव ओहमएवढा अडथळा निर्माण झाला तरी एक व्होल्टहून जास्त दाब तिथेच खर्च होतो. आणि बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो त्याहून झपाट्याने पडतो. दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. दिवा पिवळट दिसतो आणि मालक म्हणतो, बल्ब जुना झाला. जास्त वॅटचा बल्ब टाकल्यावर प्रवाह वाढतो, गंजलेला जोड तापतो, होल्डरचे प्लॅस्टिक वितळते आणि तरी उजेड पुरेसा पडत नाही. पत्रा स्वच्छ करून नवी अर्थिंग दिली की तोच जुना बल्ब पांढरा पेटतो.

मग अशी दुरुस्ती सहसा चुकते कुठे? बहुतेक वेळा कारागिरीत नव्हे, तर कामाच्या वाटणीत. गॅरेजांच्या जगात पत्रा ठोकायचा तो डेंटरने, रंग मारायचा तो पेंटरने, तारा पाहायच्या त्या वायरमनने. दिव्याची बैठक या तिघांच्या मधोमध पडते. डेंटर बाहेरून मडगार्ड सरळ करतो, आतल्या वाटीकडे त्याचे लक्ष नसते. पेंटर लांबी (पुट्टी) भरतो, घासतो आणि चकाकणारा रंग देतो. वायरमन नवा होल्डर लावून जुन्याच गंजलेल्या स्क्रूखाली अर्थिंग दाबतो. प्रत्येकाने आपले काम केलेले असते, गाडी सुंदर दिसते, आणि पुढच्या श्रावणात दिवा पुन्हा हलू लागतो. हे काम तीन तुकड्यांत देऊ नये, एकच काम म्हणून द्यावे, आणि ते उघडलेले असताना मालकाने निदान एकदा समोर उभे राहून पाहावे, हा या सगळ्या लिखाणामागचा आग्रह आहे.

तात्पुरते उपाय सगळ्यांना माहीत असतात. भोकात एम-सील भरायचे, कापडाचा बोळा कोंबून वरून लांबी ओढायची, वाटी तारेने बांधायची, सुटलेल्या स्क्रूच्या जागी जाडा स्क्रू पिळायचा. कर्नाळ्याच्या घाटवळणावर रात्री दहा वाजता दिवा लोंबकळला असेल, तर तारेने बांधून घर गाठणे शहाणपणाचेच आहे. पण त्याला दुरुस्ती म्हणू नये. लांबी ओल शोषते, तिच्याखालचा गंज जगत राहतो आणि आता तो दिसतही नाही. कुजलेल्या पत्र्यात जाडा स्क्रू गेला की उरलेसुरले आटेही जातात. भोक मोठे होते आणि खऱ्या दुरुस्तीला कापायचा भाग वाढतो.

खरी दुरुस्ती मोजण्यापासून सुरू होते, कापण्यापासून नाही. दिवे जागेवर असतानाच दोन्ही वाट्यांमधले अंतर, जमिनीपासूनची उंची, बोनेटच्या कडेपासूनचे अंतर लिहून घ्यायचे आणि फोटो काढायचे. एक बाजू कुजलेली आणि दुसरी बरी असेल, तर बऱ्या बाजूचा पुठ्ठ्याचा साचा काढून तो उलटा वापरता येतो. दोन्ही बाजू गेल्या असतील तर तसल्याच दुसऱ्या गाडीवरून माप घ्यावे. पत्रा एकदा कापला की मूळ जागा सांगणारा साक्षीदार उरत नाही.

मग रिंग, दिवा आणि वाटी काढायची. हे वाक्य लिहायला सोपे, पण निम्मी सकाळ इथेच जाते. स्क्रू पत्र्याशी एकजीव झालेले असतात. आदल्या दिवशीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे, बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि डोके तुटले तर घाई न करता मधोमध ठोसा मारून ड्रिल करावे. वाटी निघाली की चिखल खरवडून जागा धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मग पत्र्याची परीक्षा घ्यायची. हातोडीच्या टोकाने हलके ठोकत गेले की चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. संशय येईल तिथे टोकदार सुई दाबावी. टोक आत गेले, तर तो पत्रा गेलाच म्हणून समजावे. वायर ब्रशने पापुद्रे काढल्यावर जिथे नुसता तांबूस डाग उरतो आणि पत्रा जाड आहे, तिथे फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण चालते. जिथे पत्र्याची चाळण झाली आहे, तिथे कोणतेही द्रावण पत्रा परत आणत नाही. तो भाग कापावाच लागतो, आणि कापताना हात आखडता घेऊन चालत नाही. गंजाच्या कडेला कापले तर वेल्डिंगची ठिणगी पडताच कड वितळते. चकाकणारे निरोगी लोखंड चारी बाजूंनी दिसेपर्यंत मागे जावे लागते.

नवा तुकडा त्याच जाडीचा हवा. जुन्या मोटारींचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, म्हणून साधारण २० गेजचा थंड रोल केलेला पत्रा योग्य ठरतो. पनवेलच्या माणसाला त्यासाठी दूर जावे लागत नाही, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार शेजारी आहे. मात्र एवढा छोटा तुकडा बहुधा ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमधल्या कातरणीतूनच मिळून जातो. जस्ताचा पत्रा मिळत असेल तर तो टिकाऊ खरा, पण वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढलेच पाहिजे. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडीताप भरतो.

वेल्डिंगचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यावा. गेट आणि खिडकीच्या जाळ्या जोडणारे साधे आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला जाळते. जुने मिस्त्री गॅसने किंवा पितळी काडीने हे काम अप्रतिम करायचे, आजही काही करतात. पण गॅसची उष्णता दूरवर पसरते आणि मडगार्डचा बाहेरचा पत्रा लाटा धरतो. हल्ली गॅरेजांत ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, ते या कामाला सर्वांत सोयीचे. तेही सलग ओढायचे नाही. एक टाका इकडे, एक टाका समोरच्या कडेला, मग थांबायचे, पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाला की पुढचा टाका. टाके एकमेकांना भिडेपर्यंत असेच चालते. त्याआधी बॅटरी सोडवून बाजूला ठेवणे, तारांचा जुडगा लांब बांधणे, पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते पाहणे आणि अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली जवळ ठेवणे, यातले काहीही टाळू नये.

टाके पडल्यावर लगेच घासून रंगाकडे धावू नये. आधी वाटी आणि दिवा तात्पुरते बसवून पाहावेत. माप चुकले असेल तर आता दोन टाके कापून सुधारता येते, रंगानंतर येत नाही.

पुढचे काम संरक्षणाचे. आतून आणि बाहेरून एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावर आतल्या पोकळीत मेण किंवा लॅनोलिनचा फवारा. क्रम महत्त्वाचा आहे. ओल अडकलेल्या सांध्यावर सीलर मारला तर पाणी बाहेर यायचा रस्ताच बंद होतो. वाटीच्या तळाशी पाणी निघायचे भोक असते, ते मोकळे राहिले पाहिजे. सीलर आणि अंडरकोटिंगच्या भरात ते बुजवले जाते, आणि एवढ्या मेहनतीने केलेले काम दोन पावसाळ्यांत परत कुजते. नवा रबर गॅस्केट, जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू, त्यांना थोडे ग्रीस आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ केलेली वेगळी जागा, तिच्यावर दातेरी वॉशर आणि वरून व्हॅसलिनचा थर, ही छोटी कामे खर्चाला किरकोळ आणि टिकायला मोठी आहेत.

शेवटी फोकस. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. गाडी सपाट जागी, भिंतीपासून ठरावीक अंतरावर उभी करायची, चाकांत हवा बरोबर भरायची, चालकाच्या जागी माणूस बसवायचा आणि भिंतीवर दिव्याच्या मध्याची रेघ मारून झोत तिच्याखाली आणायचा. वरखाली आणि डावीउजवीकडे नेणारे दोन स्क्रू यासाठीच असतात. बैठक खरी असेल तर एका-दोन फेऱ्यांत फोकस लागतो. स्क्रू शेवटपर्यंत पिळूनही झोत जागेवर येत नसेल, तर वेल्डिंगचे माप चुकले आहे असे स्पष्टपणे मानावे आणि परत मागे जावे.

इतका खटाटोप एका जुन्या गाडीसाठी का करावा, असा प्रश्न येतोच. कायद्याची बाजू अशी की खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आली. म्हणजे गाडी ठेवायची तर ती धडधाकट ठेवली पाहिजे, हे आता पैशांच्या हिशेबातही बसते. पण खरे कारण रस्ता आहे. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री मुंबई-ठाण्याकडची सारी कोकणी माणसे याच रस्त्याने गावी निघतात. मुले मागच्या सीटवर झोपलेली असतात, टपावर सामान बांधलेले असते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्यावर कोणाच्या तरी कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते. त्या रांगेत आपली गाडी दुसऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारणारी नसावी, यासाठी एक रविवार आणि थोडा पत्रा हा फार मोठा खर्च नाही.

सुट्या भागांची चणचण आहे, तरी ती अडवणारी नाही. सात इंची दिव्याच्या वाट्या आणि रिंगा अजून मिळतात, कारण त्या अनेक गाड्यांना चालतात. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या गल्ल्यांत आणि मुंबईच्या चोरबाजारात फिएटचे भाग अजून हाती लागतात. जे मिळत नाही, ते पत्र्यातून घडवता येते. शीट मेटल आणि वेल्डिंगचे शिक्षण आयटीआयमध्ये आजही दिले जाते, आणि जुन्या मिस्त्र्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी अजून कामावर आहे. त्यांच्याकडचे ज्ञान कागदावर फार थोडे उतरले आहे. मराठीत तर त्याहून कमी. त्या उणिवेची थोडी भरपाई व्हावी, हाही या लिखाणाचा हेतू आहे.

काम केव्हा काढावे, हेही इथेच सांगायला हवे. कोकणच्या हवेत पावसाळ्यात उघडा पत्रा काही तासांत तांबूस होतो आणि प्रायमरखाली ओल अडकते. दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतचे कोरडे दिवस यासाठी योग्य. गंज तपासणे मात्र पावसाळा संपताच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावे. तेव्हा ओल कुठे साठली हे पत्र्यावर लिहिलेले असते. मडगार्डच्या आत टॉर्च घेऊन डोकावावे, वाटीमागचा चिखल काढावा आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालच्या भोकातून बाहेर पडते का ते पाहावे.

पुढची प्रकरणे कामाच्या क्रमानेच लावली आहेत. तपासणी, सुटे करणे, माप आणि साचा, कापणे आणि जोडणे, रंग आणि संरक्षण, वीज आणि शेवटी फोकस. गोल वाटीच्या गाड्या आणि चौकोनी दिव्यांच्या गाड्या जिथे वेगळ्या वागतात, तिथे त्यांची स्वतंत्र नोंद केली आहे. ज्याला स्वतः हात घालायचा आहे त्याने ती सुरुवातीपासून वाचावीत. ज्याला काम मिस्त्रीकडे द्यायचे आहे त्याने निदान माप, अर्थिंग आणि पाण्याच्या भोकाचे भाग वाचून मगच गाडी गॅरेजमध्ये न्यावी. पहिले प्रकरण बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवण्यापासून सुरू होते.